खडा आणि कवडसा

पाठ खिडकीकडं करायची, खांद्यावरून येणाऱ्या उन्हात आरसा धरायचा, कवडसा नेमका घशात पाडायचा, जीभ बाहेर काढायची आणि पडजिभेच्या उजव्या अंगाला डोळे फाडून बघायचं... राहेल रणदिवेचा गेले दोन महिने रोज सकाळचा हा कार्यक्रम होता. दार लावून, कडी घालून. शिरूरच्या मिशनच्या शाळेत पहिलीला शिकवणारी ही बावीस वर्षांची मास्तरीण घरात काय करते हे कुणी बघितलं असतं, तर निम्मी पोरं भिऊन शाळेत आली नसती.

डिसेंबरातल्या त्या रविवारी कवडसा घशापर्यंत पोचलाच नाही. आरसा धरला आणि खोकल्याची उबळ आली. हात हलला, कवडसा भिंतीवरून घसरला, खिडकीतून बाहेर पडला, गल्ली ओलांडून समोरच्या घराच्या धाब्यावर चढला आणि—

"आई गं!"

राहेल गर्रकन वळली. समोर रूथताईंच्या धाब्यावर एक तरुण उकिडवा बसून दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला फेस, एका हातात वस्तरा आणि हनुवटीवर लाल रेघ. तो डोळे मिचकावत उजेड आला कुठून ते शोधत होता. आणि त्याला सापडलं. खिडकीत एक मुलगी उभी होती, हातात आरसा, आणि तोंड... तोंड अजून उघडंच होतं. जीभसुद्धा पुरती आत गेली नव्हती.

तो हसला. त्यानं आपला दाढीचा आरसा उचलला, जरासा तिरपा केला, आणि राहेलच्या भिंतीवर उजेडाचा गोल ठिपका नाचून गेला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तर तो थेट तिच्या नाकावर येऊन बसला.

तिनं धाडकन खिडकी लावली. कोण हा? आणि यानं... यानं बघितलं तरी काय काय?

तासाभरानं चर्चमध्ये निम्मा उलगडा झाला. बायकांच्या रांगेतून पलीकडं नजर गेली, तर हनुवटीवर तुरटीचा पांढरा डाग घेऊन तो रूथताईंच्या नवऱ्याशेजारी बसला होता. रूथताईंचा धाकटा भाऊ विल्यम. दौंडला रेल्वेत होता, सिग्नलच्या कॅबिनमध्ये लिव्हर ओढायच्या कामावर. आता त्याची सुट्टी रविवारी पडू लागली होती, म्हणून बहिणीकडं आला होता. गीत सुरू झालं, मंडळी उभी राहिली, आणि हा गृहस्थ हातातल्या पुस्तकाकडं न बघता राहेलकडं बघत गाऊ लागला. राहेलनं पदर तोंडावर घेतला. एके काळी तिचा आवाज चर्चच्या दारापर्यंत ऐकू जायचा. आता ती नुसतेच ओठ हलवत होती.

तिची अडचण साधी नव्हती. पावसाळा सरता सरता तिच्या घशात उजवीकडं काहीतरी अडकल्यासारखं वाटू लागलं होतं. माशाचा काटा म्हणावा, तर महिनाभरात मासा खाल्ला नव्हता. गिळताना कान ओढल्यासारखा दुखे. तोंडाला कडवट चव, मधूनच कोरडा खोकला. ताप नाही, सर्दी नाही. आणि एक दिवस वर्गात बेचा पाढा घेताना 'बे चोक आठ'वर खोकला आला आणि जिभेवर काहीतरी पडलं. रुमालात घेऊन बघितलं, तर ज्वारीच्या कणीएवढा पिवळट पांढरा खडा. दाताचा कपचा उडाला की काय म्हणून तिनं तो बोटांत दाबला. तो फुटला, आणि असा काही वास आला की तिला मळमळून आलं.

हाच वास आपल्या तोंडालाही येत असणार, हे त्या दिवसापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं. मग ती पाढेसुद्धा फळ्याकडं तोंड करून शिकवू लागली. घरात आईशी पदराआडून बोलू लागली. खडे काही थांबले नाहीत; पंधरवड्याला एखादा यायचाच. आरशात कधीकधी घशातल्या गाठीवर पांढरा ठिपका दिसे. एकदा केसातल्या आकड्यानं तो टोकरायला गेली, तर रक्त आलं. रक्त बघून तिला दुसरीच भीती लागली. तिच्या आत्याचं दुखणंही घशापासूनच सुरू झालं होतं, आणि आत्या सहा महिन्यांत गेली होती. त्या भीतीचं नाव तिनं मनातसुद्धा घेतलं नाही.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर चिंचेखाली विल्यमनं तिला गाठलंच.

"सलाम, मास्तरीणबाई."

राहेलनं रुमाल तोंडावर धरला आणि मान डोलावली.

"माझी हनुवटी कापलीत, आन् वर खिडकीबी लावून घेतलीत. असं कुठं असतंय व्हय?"

"चुकून..." रुमालातून आवाज आला.

"चुकून? आमच्या कॅबिनीत चुकून काय नसतं. लाल म्हंजी लाल, हिरवा म्हंजी हिरवा. दिवा दिसला की जबाब द्यायचा, ड्युटी हाय. म्या दिला."

"तो दिवा नव्हता!"

"मग काय व्हतं?"

आता काय सांगणार, कपाळ? राहेलला ऐन थंडीत घाम फुटला. "आरसा... आरसा पुसत होते मी."

"तोंड एवढं उघडं ठिऊन?"

राहेलला हसू फुटलं. हसताना तोंड उघडतं हे लक्षात आलं, तशी ती रुमाल घट्ट दाबून तरातरा निघून गेली. विल्यम चिंचेखाली तसाच उभा राहिला. मुलगी हसली म्हणावी तर पळाली का, आणि पळाली म्हणावी तर हसली का, हे काही त्याच्या ध्यानात येईना.

तेव्हापासून दर रविवारी भिंतीवर कवडसा येऊ लागला. राहेलनं खिडकी बदलली असती, पण थंडीत ऊन येईल अशी घरात ती एकच खिडकी. शनिवारपर्यंत ती मन लावून घसा बघे. रविवारी मात्र आरसा हातात घ्यायच्या आधी केस नीट करी, पावडर लावी. घशात डोकवायला पावडर कशाला लागते? रविवारी आपण आरसा धरतो तो घशासाठी की समोरच्या धाब्यासाठी, हे तिचं तिलाच कळेनासं झालं. आणि धाब्यावरून जबाब आला, की आधी तिला गुदगुल्या होत, मग रडू येई.

नाताळात तो दौंडहून खाऱ्या दाण्यांची पुडी घेऊन आला.

"खावा की."

"नंतर खाईन."

"माझ्याम्होरं खायला लाज वाटती?"

तिनं नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं. दाणा अडकला तर आणखी एक खडा होईल, अशी तिला धास्ती. ती पुडी तिनं पर्समध्ये आरशाशेजारी ठेवली आणि एक दाणाही न खाता रोज उघडून बघू लागली.

इकडं तिची आई बानूबाई वेगळ्याच काळजीत. अंथरूण उचलताना तिला उशीखाली केसाचा आकडा आणि मिठाची पुडी सापडली. तिनं लगोलग शेजारच्या कुशाबाईला हाक मारली. कुशाबाईला सगळ्या दुखण्यांतलं कळायचं, निदान तिचं तसं म्हणणं होतं.

"दिसातनं पाच येळा चूळ भरती," बानूबाई म्हणाली. "तोंडावरचा पदर काढत न्हाई. चोरून मशेरी लावती का काय, माय?"

"मशेरी न्हाई गं. ये इकडं, आ कर बगू," कुशाबाईनं राहेलला समोर बसवलं. राहेलनं ओठ घट्ट मिटले. "बगितलंस? तोंडच उघडंना. पडजीभ पडलीया हिची!"

मग कुशाबाईनं तिच्या टाळूवरचे चार केस बोटाला गुंडाळले आणि असा हिसडा मारला, की राहेलच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. पडजीभ वर गेली की नाही कोण जाणे. खडा होता तिथंच राहिला.

जानेवारीच्या शेवटी रूथताई तांदळाची खीर घेऊन घरी आल्या. नुसती खीर द्यायला कुणी जरीचं लुगडं नेसून येत नाही.

"बानूबाई, आमचा विल्यम म्हंतो, लगीन करीन तर राहेलशीच. तुमचं काय म्हननं?"

बानूबाईचं म्हणणं तिच्या डोळ्यांतूनच वाहू लागलं. नवरा, बन्यामीन मास्तर, गेल्यापासून तिला या एकाच गोष्टीचा घोर होता. "माजी तर खुशीच हाय. पर पोरीला इचारा."

"ते पाळकसाहेब इचारतील की. येत्या रविवारी," रूथताई म्हणाल्या.

त्यांच्या मंडळीत लग्नाची पुकार, म्हणजे कुणाची हरकत आहे का ही जाहीर विचारणा, तीन रविवार चर्चमध्ये होई. पण पहिल्या पुकारीआधी पाळकसाहेब मुलाला आणि मुलीला आपल्या खोलीत समोरासमोर, हातभर अंतरावर उभं करत आणि एकेकाला विचारत, तुझी खुशी आहे का? उत्तर तोंडानं द्यायचं. पदर नाही, रुमाल नाही. मान हलवलेली तर मुळीच चालत नसे. मागं एका मुलीनं 'नाही' म्हणून हलवलेली मान सगळ्यांनी 'हो' समजून तिचं लग्न लावून दिलं होतं, तेव्हापासून पाळकसाहेब या बाबतीत फार कडक झाले होते.

हातभर अंतर! राहेलला त्या रात्री झोप लागली नाही. तिला विल्यम हवा होता. त्याचं ते मोठ्यानं गाणं, हनुवटीवरचा व्रण, भिंतीवर नाचणारा ठिपका, सगळं सगळं हवं होतं. पण मोकळ्या तोंडानं 'हो' म्हणायचं आणि त्या हो-बरोबर तो वास त्याच्या तोंडावर जायचा... आणि ती दुसरी भीती खरी ठरली तर? दुखणं लपवून त्याच्या गळ्यात पडायचं? त्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं. पण नाही तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, दर गुरुवारी दौंडला पुण्याहून कान-नाक-घशाचे डॉक्टर येतात. आईला शाळेचं काम सांगून राहेलनं गुरुवारी सकाळची एसटी धरली. निमोण्याच्या बाया मेथीच्या पाट्या घेऊन गाडीत चढल्या, न्हावऱ्याला उतरल्या, पुन्हा दुसऱ्या चढल्या. राहेल सगळी वाट खिडकीबाहेर तोंड काढून बसली होती. म्हणजे कुणाला वास जायला नको.

दौंडच्या स्टँडवर उतरून ती दवाखाना विचारते आहे, तोवर समोरून रात्रपाळी उरकून विल्यम आला. हातात डबा, डोळे तांबारलेले. तिला बघून तो जागच्या जागी थबकला.

"मास्तरीणबाई... हितं?"

राहेलनं रुमाल तोंडावर नेला. ते बघून त्याचं तोंड एवढंसं झालं.

"कळलं," तो म्हणाला. "रविवारी चारचौघांत न्हाई म्हनायचं जिवावर आलं, म्हून आधीच सांगायला आलात. व्हय ना?"

"नाही—"

"तेच म्हंतोय मी. न्हाईच ना?"

"तसं नाही हो!"

"मग कसं? बाई, न्हाई तर न्हाई म्हना, पर तो रुमाल काढून म्हना. दोन म्हैनं झालं... तुमचा आरसा म्हंतो ये, आन् रुमाल म्हंतो थांब. एका खांबाव दोन सिग्नल पडल्यावर डायवरनं करावं काय?"

त्याचा आवाज कापला. आणि राहेलच्या आत तीन महिने, नव्हे चार महिने, कोंडून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं.

"मला हो म्हणायचंय! पण माझ्या तोंडाला घाण वास येतो!"

हे ती जरा मोठ्यानंच बोलली. दोन हमाल वळून बघू लागले. उसाच्या रसवाल्यानं चाक फिरवायचं थांबवलं.

विल्यमला दोन वाक्यांतलं कुठलं आधी धरावं कळेना. त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. "पयलं... पयलं काय म्हनलात?"

मग रडत, थांबत, रुमालात नाक पुसत तिनं सगळं सांगितलं. खडा, आकडा, रक्त, आत्या. कवडसा कशासाठी होता तेही. तो ऐकत राहिला. हसला नाही, तोंड वाकडं केलं नाही.

"मला तर कदी वास आला न्हाई," तो शेवटी म्हणाला.

"तुम्ही जवळ कुठं आलात?"

"तुमी कुठं येऊ दिलंत?" तो म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी त्यानं आपल्या हातात घेतली. "चला. आधी डाक्टर."

दवाखान्यात डॉक्टरांनी राहेलला स्टुलावर बसवलं, दिवा पुढं ओढला, "आ करा" म्हणाले आणि नेमकी वीज गेली. त्या वर्षी विजेचं असंच चाललं होतं.

"झालं!" डॉक्टर वैतागले. "आता ही चारशिवाय येत नाही, आणि तोवर माझी गाडी जाते. बाई, पुढच्या गुरुवारी या."

पुढच्या गुरुवारी! मधला रविवार कुणाच्या भरवशावर काढायचा? राहेलच्या डोळ्यांत पाणी तरळलं. दारातला विल्यम पुढं झाला.

"डाक्टर, उजेडच पायजे ना? बाई, तुमचा आरसा हाय का जवळ?"

पर्समधून आरसा निघाला, त्याच्याबरोबर खाऱ्या दाण्यांची पुडीही निघाली. विल्यमनं पुडी ओळखली. आरसा घेऊन तो अंगणात उन्हात उभा राहिला. डॉक्टरांनी राहेलचं स्टूल दाराकडं फिरवलं. कवडसा उंबरा ओलांडून आत आला, कपाटावर गेला, मग थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर.

"अहो, मला आंधळं करताय का? त्यांच्या तोंडात पाडा!"

"आता आ करा, बाई," विल्यम अंगणातून हळूच म्हणाला.

राहेलनं त्याच्याकडं बघितलं. चार महिने जे जगापासून लपवलं, तेच आता नेमकं यालाच दाखवायचं. ओठ उघडेनात. कवडसा तिच्या हनुवटीवर येऊन थांबला होता. जरासुद्धा हलत नव्हता, वाट बघत होता. तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

ऊन घशापर्यंत गेलं. ते तिला कोमट लागलं.

"हं... हे बघा, बसलेत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी एका बोथट दांडीनं गाठीवर बाजूनं हलकेच दाबलं. राहेलला उमासा आला, जरासं टोचलं, आणि कापसावर दोन पिवळट खडे येऊन पडले. "दुखलं?"

"नाही... डॉक्टर, हे ते दुसरं... आत्याला झालं होतं तसलं..."

"कॅन्सर? छे, छे. गाठ मऊ आहे, जखम नाही, काही नाही. हे टॉन्सिलचे खडे. टॉन्सिलला बारीक खळगे असतात, जात्याला टाकी लावतात ना, तसे. त्यात अन्नाचे कण, मेलेली कातडी, जंतू साठतात. साठून साठून त्यावर चुना धरतो आणि खडा होतो. वास त्याचाच. कान दुखतो तोही त्यानंच. कितीतरी जणांना होतात, निम्म्यांना तर पत्ताही नसतो."

"मग यावर औषध?"

"जेवल्यावर कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या. नुसती चूळ नाही, मान वर करून घशात खुळखुळवायचं. दातांबरोबर जीभही घासायची, पाणी भरपूर प्यायचं. आणि परत घशात आकडा घातलात, तर माझ्याकडं यायचं नाही! खडे पुन्हा येतील. फारच त्रास झाला तर टॉन्सिल काढता येतात, पण तुमचं तेवढ्यावर आलेलं नाही."

"आणि... दुसऱ्याला लागत नाही ना हे?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून अंगणात बघितलं. आरसा अजून तसाच धरलेला होता आणि कवडसा आता राहेलच्या गालावर आला होता. "नाही लागत," डॉक्टर म्हणाले. "तसल्या कशानंच लागत नाही."

दोघं बाहेर आली. स्टेशनाकडून इंजिनाची शिट्टी आली.

"ते परत येतील म्हणाले," राहेल म्हणाली. रुमाल पर्समध्येच होता.

"येऊ दे की. आरसा हाय, ऊन हाय, मी हाय."

"पावसाळ्यात काय कराल?"

"माझी ड्युटीची बत्ती आनीन." तो थांबला. "ते दानं... अजून ठिवलेत?"

राहेलनं पुडी उघडली, दोन दाणे तोंडात टाकले आणि त्याच्यासमोर चावून खाल्ले. मऊ पडले होते, खवट लागत होते. तिनं आणखी दोन खाल्ले.

रविवारी पाळकसाहेबांच्या खोलीत दोघं समोरासमोर उभी राहिली. दाराबाहेर बानूबाई, रूथताई आणि कुणी न बोलावता आलेली कुशाबाई कान लावून उभ्या होत्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला.

"राहेल, या विल्यमशी लग्न करायला तुझी खुशी—"

"आहे!"

बाहेर बानूबाईनं पदर डोळ्यांना लावला. "बगितलंस? मीच केस ओढलं व्हतं," कुशाबाई म्हणाली.

"मला प्रश्न तरी पुरा करू द्यायचा होता," पाळकसाहेब पुटपुटले आणि विल्यमकडं वळले. "आणि तुझी, विल्यम? या राहेलशी लग्न करायला तुझी खुशी आहे का?"

विल्यम तिच्याकडं बघत होता. हातभर अंतरावर, ना पदर ना रुमाल, ती सबंध हसत होती. तिचे दात, हसताना डाव्या गालाला पडणारी खळी... दोन महिन्यांत तिचं हे उघडं हसू त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्यानं मान हलवली.

"मान चालत नाही. तोंड उघड."

त्यानं तोंड उघडलं. आवाज येईना. त्यानं पुन्हा मान हलवली, जोरात. पाळकसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दाराबाहेर रूथताईंनी श्वास रोखला.

तेव्हा राहेलनं पर्स उघडली. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती, तीत तिनं आरसा धरला. कवडसा भिंतीवरून पळत गेला आणि विल्यमच्या हनुवटीवरच्या व्रणावर येऊन थांबला.

"जबाब द्यायचा असतो," ती म्हणाली. "ड्युटी आहे."

"हाय!" विल्यम म्हणाला. "लई खुशी हाय."